गंधक कमी नाही, पेशीचं दार बंद आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत आरोग्याच्या पानावर लहान मुलांच्या वाकड्या हाडांबद्दल लेख आला होता. त्यात लिहिलंय की गरोदरपणी आईच्या पोटात गंधकाचे पदार्थ कमी गेले की बाळाची हाडं आखूड आणि वाकडी होतात, आणि नंतर गंधकाची पावडर दुधातून दिली की फरक पडतो. हा लेख आमच्या घरात सगळ्यात आधी वाचला तो माझ्या मुलीने. ती ११ वर्षांची आहे, सहावीत, पेपर आला की पुरवणी पहिली तिच्या हातात जाते. वाचून झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, आई, माझ्या वेळी तू अंडी खाल्ली नव्हतीस का गं. मी पोळ्या लाटत होते, लाटणं तसंच हातात राहिलं. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा ही विनंती.

तिला डायस्ट्रॉफिक डिसप्लेसिया आहे, म्हणजे जीनमधल्या बिघाडामुळे हाडं नीट न वाढण्याचा जन्मजात आजार. जन्मली तेव्हा दोन्ही पाय आत वळलेले होते आणि हाताचे अंगठे बाहेर फाकलेले, रस्त्यावर कोणी लिफ्ट मागताना धरतं ना तसे. तिसऱ्या आठवड्यात एका रात्रीत दोन्ही कान टरारून फुगले, हात लावला की गरम, आम्हाला वाटलं काहीतरी चावलं. एका डॉक्टरांनी सुईने त्यातलं पाणी काढलं, दोन दिवसांत परत भरलं. पाय, अंगठे आणि कान या तिन्हीचं मूळ एकच आहे हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. जीन टेस्टचा रिपोर्ट आला तेव्हा ती अडीच वर्षांची होती, आणि मधल्या काळात मी काय काय ऐकलं ते सांगत बसत नाही, ग्रहणात विळी हातात घेतली असेल इथपासून ते डोहाळे नीट पुरवले नाहीत इथपर्यंत. तुमच्या लेखाने त्यात गंधकाची भर घातली, आणि छापलेल्या शब्दाला लोक मान देतात म्हणून ते जास्त लागलं.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा केलाय, १७ वर्षं रक्त-लघवी तपासतेय. पण मुलीच्या रिपोर्टवर जे नाव होतं ते समजून घ्यायला मी जितकं वाचलं तितकं परीक्षेलाही वाचलं नव्हतं.

आधी गंधकाचं बघू. आपण डाळी, अंडी, दूध, मासे, मटण खातो, त्यातल्या प्रोटीनमध्ये मेथिओनिन आणि सिस्टीन नावाची दोन अमिनो आम्लं असतात, त्यात सल्फर म्हणजेच गंधक असतं. शरीर ती मोडतं आणि त्या गंधकाचं सल्फेट तयार होतं, थोडं सल्फेट पिण्याच्या पाण्यातूनही येतं. रक्तात लिटरला साधारण ०.३ मिलीमोल सल्फेट असतं. क्लोराइड शंभरच्या आसपास असतं, त्यापुढे हे चिमूटभर वाटेल, पण या चिमटीवर फार कामं चालतात. तापाला घेतलेली पॅरासिटामॉल लिव्हर ज्या वाटांनी निकामी करून बाहेर काढतं त्यातली एक वाट म्हणजे तिला सल्फेट जोडणं, लहान मुलांत तर तीच मोठी वाट. काही हार्मोन्स सल्फेट जोडलेल्या रूपात रक्तात फिरतात. आणि कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, तिचं तर सगळं बांधकामच सल्फेटवर.

आता मुद्दा असा की रक्तातलं सल्फेट पेशीत जातं कसं. पेशीभोवती जो पडदा असतो तो चरबीचा असतो, आणि सल्फेटवर दोन निगेटिव्ह चार्ज, शिवाय भोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले. फोडणीच्या तेलात मीठ टाकून बघा, विरघळत नाही, तळाशी बसतं, तसंच सल्फेट त्या चरबीत शिरत नाही. याचा रोजचा पुरावा आमच्या हॉस्पिटलांत कपाटातच असतो. मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, बद्धकोष्ठाला पाण्यातून देतात, ते जुलाब का करतं तर मॅग्नेशियम आणि सल्फेट दोन्ही आतड्याच्या भिंतीतून पटकन आत जात नाहीत, आतड्यातच राहतात आणि पाणी धरून ठेवतात. सल्फेट जर भिंतीतून सहज आरपार जात असतं तर त्याने पोट साफ झालंच नसतं.

म्हणून पेशींच्या पडद्यात मुद्दाम दारं ठेवलेली आहेत, प्रोटीनची दारं, आणि सस्तन प्राण्यांत, म्हणजे उंदरापासून माणसापर्यंत, सल्फेटसाठी मुख्यतः दोन घराण्यांची दारं सापडलीत. एक घराणं सोडियमच्या जोरावर चालतं. किडनीत रोज साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं, त्याबरोबर सल्फेटही गाळून निघतं, ते सगळं लघवीवाटे गेलं तर काही शिल्लकच राहणार नाही, म्हणून किडनीच्या नळ्यांच्या आतल्या बाजूला एनएएस-१ नावाचं प्रोटीन बसलंय, ते तीन सोडियमबरोबर एक सल्फेट आत ओढतं. एसटीला गर्दी असली की पुढच्या तिघांच्या रेट्याबरोबर चौथाही आपोआप आत जातो, तसं. पेशीत सोडियम कमी राखायचं काम दुसरा पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून सतत करत असतो, त्यामुळे हा रेटा कधी थांबत नाही. मग त्याच पेशीच्या दुसऱ्या बाजूला, रक्ताकडच्या बाजूला, सॅट-१ नावाचं वेगळं दार असतं, त्यातून ते परत रक्तात जातं. एनएएस-१ चा जीन उंदराच्या किडनीतून १९९३ साली वेगळा केला गेला, आणि २००३ मध्ये ज्या उंदरांत तो मुद्दाम बंद केला त्यांच्या रक्तातलं सल्फेट तीन चतुर्थांशापेक्षा जास्त घसरलं, वाढ खुंटली, फिट्स यायला लागल्या. खरंखुरं सल्फेट कमी पडणं म्हणतात ते हे, आणि तेही खाण्यामुळे नाही, किडनीचं दार गेल्यामुळे.

दुसरं घराणं म्हणजे एसएलसी-२६. यातली बरीचशी दारं अदलाबदलीवर चालतात. गॅसची गाडी येते तेव्हा रिकामा सिलेंडर दिल्याशिवाय भरलेला मिळतो का, तसंच इथे क्लोराइड बाहेर द्यायचं आणि सल्फेट आत घ्यायचं. माझ्या मुलीच्या रिपोर्टवर यातलंच नाव आहे, एसएलसी-२६-ए-२. ७३९ अमिनो आम्लांचं प्रोटीन, जवळजवळ सगळ्या शरीरात असतं, पण ते बिघडलं की मार मुख्यतः कूर्चेला बसतो, कारण कूर्चेच्या पेशींना सल्फेटची भूक प्रचंड आणि ती जवळपास सगळी बाहेरून भागवावी लागते, बाकीच्या बऱ्याच पेशींचं आतल्या सिस्टीनमधून निघणाऱ्या सल्फेटवर भागतं.

कूर्चेला इतकं सल्फेट लागतं कशाला हे मला समजलं तेव्हा मुलीचे गुडघे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. कूर्चेत साखरेच्या लांब लांब साखळ्या असतात, गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या डबीवर नाव वाचलं असेल, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, तीच. साखळीच्या कडीकडीला सल्फेट लागलं की तिच्यावर निगेटिव्ह चार्ज येतो, चार्ज आला की साखळ्या एकमेकींना ढकलतात आणि मध्ये पाणी धरून ठेवतात, म्हणून कूर्चा भिजलेल्या स्पंजसारखी असते, दाबली की दबते आणि परत उचलून येते. गर्भात हाडं आधी कूर्चेचीच बनतात, मग तिच्या जागी हाड येतं, आणि पुढे वाढसुद्धा हाडाच्या टोकाजवळच्या कूर्चेतच होते. सल्फेट आत पोचलं नाही तर साखळ्या बनतात पण उघड्या बोडक्या, पाणी धरत नाहीत. मग हाडाची लांबी कमी राहते, सांधे आखडतात, पाठीला बाक येतो, बऱ्याच मुलांचा टाळू फाटलेला असतो आणि कान फुगतो, कारण कानाची पाळीपर्यंतची कमान तीसुद्धा कूर्चाच. बुद्धीला काही होत नाही. दार पूर्ण गेलं असेल तर बाळ जगतच नाही, त्या प्रकाराला वेगळं नाव आहे, आणि दार थोडंसं किलकिलं राहिलं असेल तर माणूस जवळजवळ सगळ्यांसारखा असतो, फक्त चालताना सांधे दुखतात. माझी मुलगी मध्ये कुठेतरी आहे.

आता लॅबमधला एक प्रसंग सांगते. लघवीत बाइल पिगमेंट, म्हणजे पित्तातलं रंगद्रव्य, बघायची फाउचेट टेस्ट आम्ही करतो. लघवीत बेरियम क्लोराइड घालायचं, लघवीतलं सल्फेट बेरियमला धरून पांढरा साका होऊन खाली बसतं, बाइल असेल तर त्या साक्याला चिकटतं, मग त्यावर रिएजंटचा थेंब टाकला की हिरवं. साका नीट आला नाही तर चिमूटभर मॅगसल्फ घालायचं असतं. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी लॅबमध्ये माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती, तिने विचारलं हे पांढरं काय, मी म्हटलं सल्फेट, तुझ्या रिपोर्टवाल्या दारातून जायला पाहिजे ते. तर म्हणाली माझं बघ. केलं. तिच्याही नळीत पांढरं दाट उतरलं, ताकासारखं, वरून मॅगसल्फ घालायची गरजच पडली नाही. ती नळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, म्हणजे आहे की माझ्यात भरपूर.

आहेच. तुमच्या लेखात नेमकं हेच उलटं लिहिलंय. टंचाई रक्तात नाही, लघवीत नाही, पेशीच्या आत आहे. दुधातून गंधकाची पावडर दिली तर फार तर रक्तात आणखी थोडं सल्फेट होईल आणि किडनी जास्तीचं लघवीवाटे काढून टाकेल, दार बंद ते बंदच. लेख आल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे एका नातेवाइकांनी अशी पावडरची डबी आणून दिली, प्रेमानेच आणली, त्यांच्यावर माझा राग नाही, ९०० रुपये मोजले त्यांनी.

आईच्या खाण्याचं तर त्याहून चुकीचं आहे. गर्भ स्वतः सल्फेट जवळपास बनवूच शकत नाही, सगळं आईच्या रक्तातून वारेतून घेतो, तिथेही सोडियमवर चालणारं वेगळं दार असतं. आणि म्हणूनच गरोदरपणी आईची किडनी जास्त सल्फेट वाचवते, रक्तातलं प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणजे आईचं शरीर तिला न विचारता, न सांगता बाळासाठी साठा वाढवत असतं. त्याच आईला तुम्ही छापून विचारताय की तू काय खाल्लं नाहीस.

हा आजार पॅरिसच्या मारोतो आणि लामी यांनी १९६० मध्ये वेगळा ओळखला, ग्रीक भाषेत वाकडं-पिळलेलं या अर्थाच्या शब्दावरून नाव दिलं. जीन सापडला १९९४ मध्ये, फिनलंडच्या कुटुंबांवरून, योहान्ना हॅस्टबाका आणि एरिक लँडर हे त्या कामात होते. फिनलंडच का, तर प्रत्येक जीनच्या आपल्यात दोन कॉप्या असतात, एक आईकडून आणि एक वडलांकडून, आणि तिथे शंभरात एक-दोन माणसं या जीनची एक बिघडलेली कॉपी अंगावर वागवतात, त्यांना वाहक म्हणतात, त्यांना स्वतःला काही होत नाही. थोडी माणसं खूप पूर्वी तिथे येऊन वसली, त्यातल्या कोणाकडे तरी हा बदल होता, तो पिढ्यान् पिढ्या पसरला. आपल्याकडे एका मूळपुरुषाची भावकी गावभर पसरते, तसंच म्हणा. गंमत म्हणजे संशोधकांनी याच भावकीपणाचा उपयोग केला, सगळ्या पेशंटांत गुणसूत्राचा कोणता तुकडा सारखा आलाय ते बघत बघत ते जीनपर्यंत पोचले. तोपर्यंत हे सल्फेटचं दार आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

याच घराण्यातली दुसरी दारं बिघडली की दुसरे आजार होतात, ते एका दमात सांगते. आतड्यातलं एक दार गेलं की बाळाला जन्मापासून क्लोराइडचे पाण्यासारखे जुलाब लागतात. पेंड्रिन नावाचं दार गेलं की बहिरेपणा आणि गलगंड, हा आजार इंग्लंडमधल्या डॉ. पेंड्रेड यांनी १८९६ मध्ये दोन बहिणींत पाहिला, १९९७ मध्ये जीन सापडला तेव्हा नात्यावरून वाटलं हेही सल्फेटचंच दार, पण दोन वर्षांत कळलं की ते सल्फेट नेत नाही, क्लोराइड आणि आयोडाइड नेतं. मोठ्या शास्त्रज्ञांचाही अंदाज चुकला आणि त्यांनी तो जाहीर दुरुस्त केला. मुतखड्यात जे ऑक्झलेट असतं त्याची ये-जासुद्धा याच घराण्यातल्या एका दारावर अवलंबून आहे, ते बंद केलेल्या उंदरांना खडे झाले.

आता माझ्या घरचं, जे लिहायला मला सोपं नाही. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहे, माझं लग्न तसंच झालं. मुलीच्या दोन्ही कॉप्यांत अगदी एकच बदल निघाला, एक माझ्याकडून आणि एक तिच्या वडलांकडून, आणि बहुतेक तो माझ्या आजी किंवा आजोबांकडून बाबांत आणि आत्यात उतरला. जेनेटिक काउन्सेलर मॅडमनी कागदावर गोल आणि चौकोन काढून हे दाखवलं तेव्हा आत्या शेजारी बसली होती. ती रडली, म्हणाली मीच मागणी घातली होती. मॅडमनी तिला नीट समजावलं, नात्यात लग्न झालेल्या बहुतेक घरांत मुलं चांगली असतात, आणि नात्याबाहेर लग्न करूनही दोन वाहक एकत्र येऊ शकतात, फक्त नात्यात तशी शक्यता वाढते. दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात शंभरात पंचवीस शक्यता, आधीचं मूल कसं होतं याच्याशी संबंध नाही. तुमच्या लेखात काही छापायचं होतं तर हे छापायला पाहिजे होतं, गंधकाऐवजी. आमच्यासारख्या घरात पुढच्या वेळी दिवस गेले की ११-१२ आठवड्यांत वारेचा नमुना तपासता येतो, हे मला कळलं तेव्हा धाकट्याच्या वेळी आम्ही तो तपासला, तो वाहक आहे, आजार नाही.

इलाज आहे का असं लोक विचारतात. दार दुरुस्त करणारं औषध अजून नाही. पायाला पोन्सेटीचं, म्हणजे टप्प्याटप्प्याने पाय सरळ करत नेणारं, प्लास्टर करतात, पण या आजारात पाय हट्टी असतात, परत वळतात, आमच्या मुलीची दोनदा शस्त्रक्रिया झाली. पाठीचा आणि मानेचा एक्स-रे वेळेवर काढावा लागतो. संशोधन चालू आहे. इटलीत पाव्हियाच्या संशोधकांनी असाच बिघाड असलेले उंदीर तयार केले आणि गाभण उंदरिणींना एन-ॲसिटिल-सिस्टीन, म्हणजे सिस्टीनचंच एक रूप, दिलं, कल्पना अशी की बंद दारातून सल्फेट आत ढकलायचंच नाही, सिस्टीन वेगळ्या वाटेने आत जाऊ द्यायचं आणि सल्फेट पेशीच्या आतच बनू द्यायचं. पिल्लांच्या हाडांत सुधारणा दिसली. मला हे वाचून रात्रभर झोप आली नाही, खोटं कशाला सांगू. पण ते उंदरांत आहे, माणसांतलं औषध नाही, आणि कोणी घरच्या घरी हे देऊ नये म्हणून मुद्दाम लिहितेय. फरक एवढाच बघा की त्यांनी दार कुठे बंद आहे हे आधी शोधलं आणि मग वाट काढली, पावडरवाल्यांनी दाराचं नावही घेतलेलं नाही.

तुम्हाला माझी मागणी स्पष्ट आहे. त्याच पुरवणीत, त्याच पानावर दुरुस्ती छापा, कोपऱ्यात बारीक अक्षरात नको. आईच्या खाण्यामुळे हा आजार होत नाही हे एक वाक्य त्यात पाहिजेच. गंधकाच्या पावडरीने हाड वाढत नाही हे दुसरं. आणि बाळाचे पाय वळलेले, अंगठा बाहेर फाकलेला आणि कान फुगलेला असं एकत्र दिसलं तर जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे न्या, हे तिसरं. या तीन गोष्टी कुठल्यातरी खेडेगावातल्या एका डॉक्टरने किंवा आशाताईने जरी वाचल्या तरी एखाद्या घरची अडीच वर्षं वाचतील, आमची गेली.

तुमच्या लेखाचं कात्रण मुलीने तिच्या रिपोर्टच्या फाइलमध्ये लावून ठेवलंय, तारीख घालून, आणि त्याच्या शेजारचं प्लास्टिकचं पाकीट रिकामं सोडलंय. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली, दुरुस्ती येईल ना त्यांची.

आपली,
एक आई आणि लॅब टेक्निशियन
जि. सांगली